सुपरिंटेंडंटची डॉक्टरेट

* मूळ मजकुरात ‘डॉ.’ म्हणून ज्यांचा उल्लेख आहे, ते वैद्य नव्हेत, तर डॉक्टरेट घेतलेले सुपरिंटेंडंट. अमेरिकेत शाळांचा कारभार सुमारे १३ हजार ‘डिस्ट्रिक्ट’मध्ये विभागलेला आहे आणि प्रत्येकाचा प्रमुख असतो सुपरिंटेंडंट. आपल्या जिल्हा परिषदेचा शिक्षणाधिकारी इथे चटकन आठवतो. पण तो सरकारी नोकर, तर सुपरिंटेंडंटला बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं स्कूल बोर्ड नेमतं आणि घरीही पाठवतं.

या खुर्चीवर डोळा असलेले मुख्याध्यापक बहुधा नोकरी सांभाळून ‘एड.डी.’ म्हणजे शिक्षणशास्त्रातली डॉक्टरेट करतात. २००५मध्ये शिक्षणतज्ज्ञ आर्थर लेव्हिन यांनी ही पदवी बंदच करावी, असं सुचवून खळबळ उडवली. हार्वर्डने २०१०मध्ये ‘एड.एल.डी.’ ही शैक्षणिक नेतृत्वाची डॉक्टरेट सुरू केली: तीन वर्षं, पहिली तुकडी २५ जणांची, शिक्षणशुल्क माफ आणि शेवटचं वर्ष वर्गात नव्हे, तर एखाद्या डिस्ट्रिक्टमध्ये किंवा शिक्षणसंस्थेत प्रत्यक्ष कामाचं.

पदवीवाचून अडतंच असं नाही. न्यूयॉर्क शहराच्या शाळा २००२मध्ये जोएल क्लाइन या वकिलाकडे सोपवल्या गेल्या, अर्थात राज्याकडून पात्रतेची खास सूट घेऊन. २०१०मध्ये प्रकाशनव्यवसायातल्या कॅथी ब्लॅक यांनाही तशीच सूट मिळाली. त्या जेमतेम तीन महिने टिकल्या. – संपा.