कुर्ल्याचा क्रँक, अजमानचा लेथ

गेल्या वर्षी सुट्टीहून अजमानला परतताना आमच्या सामानात लाडू-चिवडा कमी आणि लोखंड जास्त होतं! सौ.च्या बॅगेत एक आणि माझ्या बॅगेत एक, असे दोन जुने क्रँकशाफ्ट. मुंबई विमानतळावर दोन्ही बॅगा उघडाव्या लागल्या. "साहेब, हे काय आहे?" या प्रश्नाचं सविस्तर उत्तर म्हणजे हा लेख.

ठाण्याला आमच्या घरी बाबांची १९७४ची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. बाबा गेल्यावर ती कोणी चालवली नाही आणि इंजिन जाम झालं. आई म्हणाली, "देऊन टाक भंगारात." पण २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अट एकच, ती मूळ स्वरूपात हवी. त्यामुळे दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकून भागणार नव्हतं.

या इंजिनाचा इतिहास आपल्या मुंबईचाच आहे. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे सरकारने ठरवलं की नुसती जोडणी चालणार नाही, भागही देशातच बनवले पाहिजेत. तेव्हा शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स निघून गेली, कुर्ला मात्र टिकलं. १९५४ पासून तिथे फियाट ११०० बनू लागली आणि १९७४ साली तिचंच नाव पद्मिनी झालं. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. त्याचा क्रँक तीन मेन बेअरिंगवर फिरतो.

पिस्टनच्या वर-खाली चालीचं गोल फिरण्यात रूपांतर करणारा दांडा म्हणजे क्रँक. या कल्पनेचं एक जुनं चित्र अरबी ग्रंथात सापडतं. अल-जझरी या यंत्रकाराने १२०६ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात पाणी उपसण्याच्या यंत्रांत क्रँक दाखवला आहे.

परमिट राजमध्ये नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. त्यामुळे आहे तीच गाडी पुन्हा पुन्हा दुरुस्त होई. क्रँकचे जर्नल झिजले की ते घासून दहा थाऊ, म्हणजे इंचाचे दहा हजारांश भाग, बारीक करायचे आणि तेवढ्याच जाड बेअरिंग बसवायच्या. दहा, वीस, तीस, चाळीस, तिथे संपलं! बाबांच्या वहीत नोंदी आहेत: १९८१ दहा, १९८८ वीस, १९९६ तीस. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखा हा हिशेब.

खबरदारी म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून मी आणखी एक पद्मिनीचा क्रँक घेतला. ठाण्यातल्या मेकॅनिकने नुसतं बघून "दोन्ही चालतील" म्हटलं. माझी खात्री पटेना आणि सुट्टी संपली. म्हणून दोन्ही बॅगेत!

अजमानच्या इंडस्ट्रियल एरियात एका सियालकोटच्या उस्तादांचं ग्राइंडिंगचं दुकान आहे. त्यांनी आधी तेलाची भोकं साफ करवली. मग क्रँक टांगून हातोडीने हलकेच टकटक केली. कुर्ल्याचा घंटेसारखा वाजला, बाबांचा बद्द. मायक्रोमीटरने प्रत्येक जर्नल दोन्ही टोकांना, आडवा आणि उभा मोजला. गोलाई किती बिघडली आणि एक टोक बारीक झालंय का, हे त्यातून कळतं. नंतर क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून मधल्या जर्नलला डायल लावला. सुई थरथरली तर क्रँक वाकलेला.

शेवटी चुंबकाची परीक्षा. क्रँकला चुंबकत्व देऊन लोहचूर्ण मिसळलेला द्रव ओतला आणि निळा दिवा लावला. भेग असेल तिथे चूर्ण गोळा होऊन चमकतं. बाबांच्या क्रँकच्या तिसऱ्या पिनच्या कोपऱ्यात, गोलसर वळण असतं तिथेच, एक हिरवी रेघ उमटली. बारीक, पण स्पष्ट.

मी विचारलं, "वेल्डिंग करून?" उस्ताद म्हणाले, "बेटा, चालत्या गाडीत तुटला तर ब्लॉक फोडून बाहेर येईल."

बाबांचा हात लागलेला भाग काढायचा, हे मनाला पटत नव्हतं. पण गाडीचा इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, क्रँकवर नाही. आणि दुसरा क्रँकही त्याच इंजिनाचा. गाडीचं मूळपण कुठेच जात नव्हतं. तो वीस साइजचा होता; कोपऱ्यातलं वळण जपून तीसला घासला. बाबांच्या वहीत मी पुढची नोंद केली.

मुंबईची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये २० वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली. आमची मात्र फिरणार आहे. बाबांचा क्रँक अजमानच्या घरी पुस्तकांच्या कपाटावर आहे. मुलगी विचारते, "बाबा, हे काय आहे?" मी सांगतो, "तुझ्या आजोबांची पंचवीस वर्षांची काटकसर."