समजून घ्या: ४३ सेकंद जोडणी तुटली आणि गिटहब २४ तास का अडखळलं?

२१ ऑक्टोबर २०१८. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गिटहबच्या नेटवर्कमधलं बिघडत चाललेलं एक ऑप्टिकल उपकरण बदलण्याचं नेहमीचं काम सुरू होतं. त्यात मुख्य डेटा सेंटरची जोडणी तुटली. ४३ सेकंदांत ती परत आलीसुद्धा. पण गिटहबची सेवा पूर्ण सुरळीत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

भारतात तेव्हा सोमवारी पहाटेचे ४ वाजून २२ मिनिटं झाली होती. सेवा पूर्वपदावर आली ती मंगळवारी पहाटे ४ वाजून ३३ मिनिटांनी. म्हणजे इथल्या प्रोग्रामरचा सोमवारचा अख्खा कामाचा दिवस या बिघाडातच गेला.

एक मिनिटही न टिकलेल्या बिघाडाने दिवसभराचा गोंधळ कसा झाला? याचं उत्तर डेटाबेस क्लस्टर कसं चालतं, यात आहे.

डेटाबेस क्लस्टर म्हणजे काय?

बँकेची खाती, रेल्वेचं आरक्षण, ऑनलाइन ऑर्डर अशी माहिती बहुतेक वेळा रिलेशनल डेटाबेसमध्ये, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांमध्ये ठेवली जाते. मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल, ओरॅकल ही त्यातली परिचित नावं.

हा डेटाबेस एकाच सर्व्हरवर ठेवला आणि तो बंद पडला, तर सगळंच ठप्प होतं. म्हणून अनेक सर्व्हरचा गट केला जातो. हाच क्लस्टर. त्याच्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या रचनेत एक मुख्य सर्व्हर असतो. नवीन नोंदी फक्त त्याच्यावर होतात. बाकीचे सर्व्हर, म्हणजे रेप्लिका, त्या नोंदींची नक्कल करत राहतात. दुकानातल्या उधारीच्या वहीखाली कार्बन पेपर ठेवावा, तसंच हे. लिहायचं एकाच वहीत, प्रती मात्र अनेक.

फरक इतकाच, की ही नक्कल त्याच क्षणी उमटेल याची खात्री नसते. रेप्लिका काही क्षण, कधी काही तासही मागे असू शकते. या अंतराला 'रेप्लिकेशन लॅग' म्हणतात.

मुख्य सर्व्हर बंद पडला, हे कोण ठरवतं?

मुख्य सर्व्हरकडून उत्तर येईनासं झालं, तर एखाद्या रेप्लिकाला मुख्य केलं जातं. याला 'फेलओव्हर' म्हणतात. पण उत्तर येत नाही याची कारणं दोन असू शकतात: सर्व्हर बंद पडलाय, किंवा तो चालू आहे आणि मधली वाट तुटलीय. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

दुसऱ्या परिस्थितीत नवा मुख्य सर्व्हर नेमला, तर जुनाही नोंदी घेत राहतो आणि नवाही. दुकान एक, पण वह्या दोन. याला 'स्प्लिट ब्रेन' म्हणतात.

हे टाळण्यासाठी बहुमताचा नियम वापरतात. निर्णय घेणारे ३ घटक असतील तर किमान २, आणि ५ असतील तर किमान ३ घटक एकमेकांच्या संपर्कात असल्याशिवाय फेलओव्हर होत नाही. बहुमत दोन्हीकडे असू शकत नाही, त्यामुळे नेमणूक एकाच बाजूने होते. मात्र जुन्या मुख्य सर्व्हरने आधीच घेतलेल्या नोंदींचं काय, हा प्रश्न बहुमत सोडवत नाही. गिटहबचा गोंधळ नेमका इथे झाला.

त्या ४३ सेकंदांत काय घडलं?

गिटहबवर लोकांचा मूळ कोड वेगळा ठेवलेला असतो. इश्यू, पुल रिक्वेस्ट, कॉमेंट यांसारखी माहिती मायएसक्यूएलच्या क्लस्टरमध्ये असते. हे क्लस्टर सांभाळायला 'ऑर्केस्ट्रेटर' नावाची प्रणाली होती आणि ती बहुमतानेच चालायची.

पूर्व किनाऱ्याचं डेटा सेंटर तुटताच पश्चिम किनाऱ्याचं डेटा सेंटर आणि पूर्वेकडच्या क्लाउडमधले ऑर्केस्ट्रेटरचे घटक यांचं बहुमत जमलं. पूर्वेकडचे मुख्य सर्व्हर गेले असं मानून त्यांनी पश्चिमेकडचे सर्व्हर मुख्य केले. नियमाप्रमाणे यात काहीच चुकलं नव्हतं.

पण पूर्वेकडच्या सर्व्हरवर काही क्षणांच्या अशा नोंदी होत्या, ज्या पश्चिमेला पोहोचल्याच नव्हत्या. जोडणी परत आल्यावर नव्या नोंदी पश्चिमेला होऊ लागल्या. दोन्ही बाजूंकडे असं काही होतं, जे दुसरीकडे नव्हतं. काही मिनिटांनी इंजिनिअरांनी ऑर्केस्ट्रेटरकडून सर्व्हरची रचना मागवली, तेव्हा तिच्यात फक्त पश्चिमेकडचे सर्व्हर दिसत होते.

लगेच मागे का फिरता आलं नाही?

पश्चिमेने तोवर जवळपास ४० मिनिटांच्या नोंदी घेतल्या होत्या. पूर्वेकडे परत फिरावं, तर त्या हरवणार. पश्चिमेलाच राहावं, तर वेबसाइट चालवणारे सर्व्हर पूर्वेला होते. प्रत्येक नोंदीसाठी देश ओलांडून जाण्यायेण्याचा उशीर त्या यंत्रणेला पेलत नव्हता.

गिटहबने वेळेपेक्षा डेटा महत्त्वाचा मानला. वेबसाइट काही काळ अर्धवट चालली तरी चालेल, पण लोकांच्या नोंदी जाता कामा नयेत, असं ठरलं. वेबहुक, म्हणजे कोड बदलला की इतर यंत्रणांना आपोआप जाणाऱ्या सूचना, मुद्दाम थांबवण्यात आल्या. गिटहब पेजेसचं कामही थांबलं.

बॅकअप असूनही इतका वेळ का लागला?

दर ४ तासांनी बॅकअप होत होता आणि तो परत उतरवण्याची चाचणी रोज होत होती. पण हा डेटा अनेक टेराबाइटचा आणि दूर क्लाउडमध्ये साठवलेला. तो आणणं, तपासणं आणि सर्व्हरवर चढवणं यातच तास गेले. एखादा क्लस्टर पूर्णपणे बॅकअपमधून उभा करण्याची वेळ त्याआधी कधी आली नव्हती.

सुमारे १२ तासांनी मुख्य सर्व्हर पुन्हा पूर्वेला आले. तरीही वाचनासाठीच्या कित्येक रेप्लिका काही तास मागे होत्या. त्यामुळे वापरणाऱ्यांना जुनी किंवा विसंगत माहिती दिसत राहिली. त्यातच युरोप आणि अमेरिकेत कामाचा दिवस सुरू होऊन नोंदी वाढल्या आणि रेप्लिकांना मागची कसर भरून काढणं आणखी जड गेलं. क्लाउडमध्ये जादा रेप्लिका उभ्या करून भार वाटावा लागला.

शेवटी ५० लाखांहून अधिक वेबहुक आणि पेजेसची ८० हजार कामं रांगेत साचली होती. त्यातल्या सुमारे २ लाख सूचना मुदत उलटल्यामुळे गळून गेल्या. पूर्वेला अडकलेल्या नोंदी वेगळ्या काढून जुळवाव्या लागल्या. सर्वाधिक वापराच्या एका क्लस्टरमध्ये अशा ९५४ नोंदी होत्या.

क्लस्टर सांभाळताना काय बघायला हवं?

या घटनेनंतर गिटहबने ऑर्केस्ट्रेटरची सेटिंग बदलली. एका विभागातून दुसऱ्या विभागात आपोआप फेलओव्हर होणं बंद केलं. क्लस्टर लहान असो वा मोठा, काही गोष्टी सगळ्यांनाच लागू होतात:

- कुठल्या अंतरापर्यंत आपोआप? त्याच डेटा सेंटरमध्ये फेलओव्हर यंत्रावर सोपवता येतो. दूरच्या शहरात जायचं, तर ॲप्लिकेशनला तो उशीर झेपतो का, हे आधी तपासावं लागतं.
- जुना मुख्य सर्व्हर थांबला का? नव्याला नेमण्याआधी जुन्याचं लिहिणं बंद झाल्याची खात्री हवी.
- रेप्लिका किती मागे आहे? लॅग वाढलेला असताना फेलओव्हर केला, तर तेवढ्या नोंदी मागे राहू शकतात.
- घाईत रीस्टार्ट नको. आधी कोणत्या सर्व्हरवर शेवटची कोणती नोंद झाली, हे लॉगमधून बघायचं. दोन बाजू वेगळ्या झाल्या असतील, तर लिहिणं थांबवून मग जुळवाजुळव करायची.
- बॅकअप परत येतो का? जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅबच्या इंजिनिअरकडून चुकून मुख्य सर्व्हरवरचाच डेटा पुसला गेला. तेव्हा कळलं, की नेहमीचे बॅकअप तयारच होत नव्हते आणि ते सांगणारे ईमेलही पोहोचत नव्हते. सुमारे ६ तासांचा डेटा गेला.
- परत उभं राहायला किती वेळ लागेल? बॅकअप आहे, एवढं पुरेसं नाही. पूर्ण क्लस्टर त्यातून उभा करून घड्याळ लावून बघावं लागतं.

नेटवर्क तुटलं की क्लस्टरला सेवा चालू ठेवणं आणि नोंदी अचूक ठेवणं यांपैकी एकाला झुकतं माप द्यावंच लागतं. कशाला द्यायचं, हे यंत्र स्वतः ठरवत नाही. सेटिंग करणाऱ्यांनी जे लिहून ठेवलंय, ते यंत्र काही सेकंदांत अमलात आणतं. म्हणूनच हा निर्णय जोडणी तुटण्याआधी, शांत डोक्याने झालेला असावा लागतो.