आवाजाचे मोजमाप आणि माजलगावच्या ओव्या

१९९६ साली आपल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावी, भीमनगर वस्तीत, काही बायकांनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या आणि त्या ध्वनिमुद्रित करून ठेवण्यात आल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्या त्यांत होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ या पुण्यात राहून काम करणाऱ्या संशोधकांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रभर ओव्या गोळा करण्याचे जे मोठे काम हाती घेतले होते, त्याचाच तो एक भाग. पुढे बर्नार बेल हे फ्रेंच संगीततज्ज्ञ त्यांना येऊन मिळाले. ते संगणकातलेही जाणकार. हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून जास्त ओव्या कागदावर आल्या. आवाज मात्र जमला सुमारे १२० तासांचा.

हा १२० तासांचा आकडा लक्षात असू द्या.

आता गावोगावचे शिक्षक आपल्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या ओव्या टिपून ठेवू पाहतात, तेव्हा यंत्र त्यांना एक प्रश्न विचारते. सेकंदाला नमुने किती घेऊ? ४४,१०० की ४८,०००? ९६,००० की १,९२,०००? मोठा आकडा म्हणजे चांगला आवाज, असे कुणालाही वाटेल. दुकानदारही तेच सांगतो. हे कितपत खरं आहे, ते पाहू.

नमुना म्हणजे काय? आवाज ही हवेची थरथर. यंत्र त्या थरथरीची उंची ठराविक वेळाने मोजते आणि आकडा लिहून ठेवते, इतकेच. समजा, गावच्या हवेची नोंद ठेवायची आहे. रोज फक्त दुपारी बाराला तापमान पाहिले, तर वर्षभर वही भरूनही रात्रीच्या गारव्याचा पत्ता लागायचा नाही. दिवसाचा चढ आणि रात्रीचा उतार पकडायचा, तर दिवसातून दोनाहून अधिक वेळा पाहिलेच पाहिजे. आवाजाचेही तसेच. सेकंदाला जितकी कंपने पकडायची, त्यांच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने लागतात. १९२८ साली अमेरिकेत नायक्विस्ट यांनी तारयंत्राचा अभ्यास करताना या विचाराचा पाया घातला, १९३३ साली रशियात कोतेल्निकोव्ह यांनी तो मांडला, आणि १९४९ साली शॅनन यांनी त्याची स्वच्छ सिद्धता दिली.

कोणी म्हणेल, दोन नमुन्यांच्या मधला आवाज हरवतोच ना! इथेच बहुतेकांची गफलत होते. शिक्षक मंडळींना हे चटकन पटेल. सरळ रेषेवरचे दोन बिंदू कळले की ती रेषा कळली. मधले शंभर बिंदू आणखी मागितल्याने ती अधिक सरळ होत नाही. आवाजाची रेषा वळणदार असते खरी. पण ठराविक मर्यादेपेक्षा वेगाने ती वळत नाही, एवढे ठाऊक असले, की पुरेशा नमुन्यांतून जाणारी तशी रेषा एकच निघते. मधले काही हरवत नाही.

माणसाचा कान फार तर सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, तेही लहानपणी. वय वाढते तशी ही मर्यादा खाली येते, आणि साठीतल्या माणसाला १२,००० च्या वरचे ऐकू आले तरी पुष्कळ. २०,००० ची दुप्पट ४०,०००, त्यावर थोडी मोकळीक. मग नेमके ४४,१०० च का? ही मोठी गमतीची गोष्ट आहे. त्या काळी एवढे आकडे साठवायला सोयीची जागा होती ती चित्रफितीच्या यंत्रात. त्या फितीवर चित्राच्या ओळी जशा बसत, तसे आवाजाचे आकडे बसवले, आणि हिशेब जुळला तो ४४,१०० वर. १९८२ साली जपानमध्ये कॉम्पॅक्ट डिस्क विक्रीला आली ती हाच आकडा घेऊन. कानाच्या गरजेत फितीची सोय अशी मिसळली.

त्याआधी किती कमीवर भागत होते, तेही पाहा. टेलिफोनला सेकंदाला ८,००० नमुने पुरत, म्हणून तर फोनवर 'स' आणि 'फ' यांची गल्लत होते. बी.बी.सी.ने १९७२ पासून आपल्या केंद्रांकडे कार्यक्रम धाडायला ३२,००० नमुने घेतले. कारण एफ.एम. प्रक्षेपणात मुळात १५,००० च्या वरचा आवाज जातच नाही. म्हणजे एखादी ओवी १,९२,००० नमुन्यांनी टिपून बीडच्या एफ.एम. केंद्रावरून लावली, तरी तुमच्या घरातल्या रेडिओपर्यंत १५,००० पर्यंतच पोहोचणार.

हे झाले गणित. कानाची परीक्षाही घेतली गेली आहे. अमेरिकेत मेयर आणि मोरन यांनी २००७ साली एक प्रयोग छापला. जास्त नमुन्यांची महागडी तबकडी, आणि तोच आवाज सी.डी.च्या मापातून गाळून घेतलेला, असे दोन्ही लोकांना न सांगता ऐकवले. ५५४ वेळा विचारले. २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवले असते तरी एवढेच आले असते! पुढे २०१६ साली राइस यांनी अशा १८ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. १२,५०० हून अधिक चाचण्यांत बरोबर उत्तरे शेकडा ५२ च्या आसपास निघाली. कान मुद्दाम तयार केलेल्या लोकांची बरीच जास्त. तेव्हा फरक शून्यच आहे, असा हट्ट मी धरणार नाही. पण जो फरक शांत खोलीत, उत्तम यंत्रांवर, शिकवलेल्या कानांनाही दरवेळी सापडत नाही, त्यासाठी खेड्यातल्या शिक्षकाने खिसा रिकामा करावा, हे मला पटत नाही.

मोठ्या आकड्याचे उपयोग आहेत, नाहीत असे नाही. वटवाघळाची हाक आपल्या कानापलीकडची. ती टिपायची तर जास्त नमुने हवेतच. स्टुडिओत आवाजावर बरेच संस्कार करायचे असले तरी ते सोयीचे पडतात. पण जात्याची घरघर आणि आजीचा गळा हे दोन्ही आपल्या कानाच्या आवाक्यातलेच आहेत.

आता त्या १२० तासांकडे वळू. सी.डी.च्या मापाने १२० तासांना सुमारे ७६ गिगाबाइट जागा लागते. १,९२,००० नमुने आणि २४ बिटांनी तेच टिपले तर सुमारे ४९८. म्हणजे एकाच जागेत एक तर १२० तास मावतील, नाही तर साडेसातशेहून जास्त. लाखभर ओव्या कागदावर आणि आवाज १२० तास, ही स्थिती पाहता आपल्याकडे टंचाई तासांची आहे, सेकंदाच्या तुकड्यांची नव्हे. गिरण्या आल्यावर घरचे दळण थांबले, आणि ज्यांनी पहाटे खुंटा धरून ओवी म्हटली त्या बायका आता थकल्या आहेत.

तेव्हा ४४,१०० वा ४८,००० वर यंत्र ठेवावे आणि लक्ष दुसरीकडे द्यावे. पंखा बंद करा. मायक्रोफोन जात्यापासून दूर, गाणारणीच्या तोंडापासून हातभर अंतरावर, जरा बाजूला धरा. आवाज फुटू देऊ नका, कारण फुटलेला आवाज कोणत्याही आकड्याने सांधत नाही. तिचे नाव, गाव, माहेर आणि ओवी कुणाकडून शिकली, हे तिच्याच तोंडून वदवून घ्या. आणि घरी परतल्यावर त्याच रात्री त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवा.