रबरवेल आपण होऊन आली नव्हती

"परदेशी वेल आली आणि पसरली" असं आपण सहज लिहून टाकतो. जणू ती तिकीट काढून आली! रबरवेलीचंच बघा.

ही मूळची मादागास्करची. रुईच्या कुळातली, त्यामुळे खोड मोडलं की तसाच पांढरा चीक, शेंग उकलली की तशाच म्हाताऱ्या उडतात. फुलं मात्र मोठी, फिकट जांभळी, देखणी. त्या फुलांसाठी 19व्या शतकात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या लोकांनी ती अंगणात लावली. चिवट म्हणून खाणींच्या गावांत विशेष आवडती. मग बिया वाऱ्यावर गेल्या, पुराच्या पाण्यातून गेल्या, आणि नदीकाठची उंच झाडं या वेलीखाली गुदमरली. गुरांना ती विषारी, म्हणजे कुरणंही गेली.

तिकडे अंगणातून निसटली, पण हैतीत तिला थेट सरकारनेच शेतात आणलं. 1942 मध्ये जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतलं आणि अमेरिकेचं रबर तुटलं. मग कुणाला तरी या वेलीचा चीक आठवला. हैतीचे राष्ट्राध्यक्ष एली लेस्को अमेरिकेच्या मर्जीतले. अमेरिकेच्या पैशावर चालणाऱ्या 'शाडा' कंपनीने 1 लाख एकरांचं लक्ष्य ठेवलं. ही जमीन काय ओसाड पडली होती? लहान शेतकऱ्यांची होती ती. त्यांना हुसकावलं, घरं पाडली, आंब्यासारखी फळझाडं तोडली. आणि चीक काढायचा कसा, तर बारीक फांद्यांची टोकं छाटून, थेंब थेंब! एवढ्या मजुरीत रबर परवडणार कसं? 1944 मध्ये प्रकल्प गुंडाळला. हाती आलं जेमतेम काही टन रबर. झाडं गेली ती गेलीच. (नुकसानभरपाईचं काय झालं असेल, ते धरणग्रस्तांना विचारा.)

क्वीन्सलँडने शेवटी उतारा शोधला तो वेलीच्या माहेरीच. मादागास्करमधला, तिच्यावरच पडणारा तांबेरा. आपल्या पिकांना चाचण्यांत धोका दिसला नाही, तेव्हा 1995 मध्ये तो सोडला. पानं गळू लागली, बिया कमी झाल्या. वेल संपली नाही, पण जोर मोडला.

आपल्याकडेही ही वेल बागेत, कुंपणावर शोभेला लावतात. तुमच्याकडे असेल तर जोडीने लागणाऱ्या जाड शेंगा वाळायच्या आत काढून टाका. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.