कागदावर आधी सापडलेला जीवाणू

नायट्रोजन चक्र फळ्यावर काढताना आपण अमोनियापासून नायट्राइट, मग नायट्रेट आणि अखेर नायट्रोजन वायू असे बाण दाखवतो. सांडपाणी शुद्ध करणाऱ्यांनीही अनेक दशके हाच मार्ग धरला. आधी भरपूर हवा द्यायची, मग नायट्रेटचा वायू करणाऱ्या जीवाणूंना सेंद्रिय खाद्य पुरवायचे.

जनावरांच्या मलमूत्रासाठी हा मार्ग महाग पडतो. मूत्रातल्या युरियाचा अमोनिया होतो. मलमूत्र बायोगॅस संयंत्रातून काढले, तर बरेचसे सेंद्रिय पदार्थ मिथेन होऊन निघून जातात, अमोनिया मात्र मागे उरतो. मग जीवाणूंच्या खाद्यासाठी मिथेनॉल विकत आणायचे! शेजारी पुरेशी शेती असेल तर हे पाणी पिकाला देणेच शहाणपणाचे. पण नेदरलँड्ससारख्या देशात डुकरे फार आणि जमीन थोडी.

१९७७ साली व्हिएन्नाचे एंगलबर्ट ब्रोडा यांनी केवळ ऊर्जेचा हिशेब मांडून सांगितले, की हवेशिवाय अमोनिया आणि नायट्राइट यांपासून थेट नायट्रोजन वायू करून जगणारा जीवाणू असायला हरकत नाही. असा जीव तोवर कोणी पाहिला नव्हता. पुढे डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्यातील सांडपाण्याच्या प्रायोगिक टाकीत हवा नसतानाही अमोनिया नाहीसा होताना आर्नोल्ड मुल्डर यांना दिसला. १९९५ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केले आणि १९९९ मध्ये त्या जीवाणूची ओळख पटली. या क्रियेला ‘अ‍ॅनामॉक्स’ म्हणतात.

तो इतका काळ का लपून राहिला? प्रयोगशाळेतला ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. याला सुमारे अकरा दिवस लागले. एवढा सावकाश वाढणारा जीव वाहत्या पाण्याबरोबर टाकीतून निघूनच जाणार. इथे उपयोगी पडतो दाणेदार गाळ. जीवाणू एकमेकांना चिकटून लालसर दाणे बनवतात (रंग हीमयुक्त प्रथिनांचा, हीम आपल्या रक्तातही असते). दाणे झटकन तळाशी बसतात, पाणी वरून निघून जाते. एकाच टाकीत बेताची हवा दिली, तर दाण्याच्या बाहेरच्या थरातले जीवाणू काही अमोनियाचे नायट्राइट करतात आणि प्राणवायू तिथेच संपवतात. आतल्या थरात अ‍ॅनामॉक्स चालते.

२००२ साली रॉटरडॅमला शहरी सांडपाणी केंद्रात पहिली मोठी टाकी उभी राहिली. ती पूर्ण क्षमतेने चालायला साडेतीन वर्षे गेली. डुकरांच्या सांडपाण्यात अडचण आणखी वेगळी. त्यात उरलेल्या सेंद्रिय पदार्थांवर भराभर वाढणारे जीवाणू पोसतात आणि दाण्यांवरची जागा बळकावतात. म्हणून बायोगॅस आधी, दाणे नंतर. त्यानंतरही सुमारे एक दशांश नायट्रोजन नायट्रेटच्या रूपात पाण्यात उरतोच.