टॉमकॅटचं मागचं दार

वेब सर्व्हर म्हणजे एचटीटीपी, असं आपण धरून चालतो. टॉमकॅटचा इतिहास मात्र जरा वेगळा आहे.

1999 मध्ये सन कंपनीने आपला कोड अपाचे फाउंडेशनला दिला, त्यातून टॉमकॅट आला. तेव्हा पुढे अपाचेचा वेब सर्व्हर आणि मागे टॉमकॅट ही जोडी सर्रास असायची. दोघांच्या आपसातल्या बोलण्यासाठी एजेपी हा वेगळा बायनरी प्रोटोकॉल होता. पुढे कायोटी नावाचा थर आला आणि नेटवर्कचं काम सर्व्हलेटच्या कामापासून वेगळं झालं. आता ‘प्रोटोकॉलहँडलर’ इंटरफेस पाळणारा आपला क्लास लिहायचा, कॉन्फिगरेशनमध्ये कनेक्टरला त्याचं नाव द्यायचं, की नवा प्रोटोकॉल सुरू!

पण प्रोटोकॉलसोबत त्यामागची गृहीतकंही आत येतात. समोर घरचाच सर्व्हर आहे असं समजून एजेपी त्याच्यावर पूर्ण विश्वास टाकायचा. आणि 8009 हा पोर्ट मूळ मांडणीतच चालू असायचा. फेब्रुवारी 2020 मध्ये ‘घोस्टकॅट’ ही त्रुटी उघड झाली: त्या पोर्टापर्यंत पोचणारा कुणीही ॲप्लिकेशनच्या आतल्या फायली वाचू शकत होता. त्यानंतर एजेपी मुळातच बंद ठेवला गेला. चालू करायचाच तर आता गुप्त शब्द ठरवावा लागतो.

नवा प्रोटोकॉल जोडताना बाइट कसे वाचायचे हे आपण बघतोच. पलीकडे कोण बोलतंय, हेही तेव्हाच ठरवायला हवं.