फाल्गुनरावाचे मूळ गाव

यवतमाळात एके रात्री ‘संगीत संशयकल्लोळ’ पाहून फाल्गुनरावाला मी पोटभर हसलो. पण हा गृहस्थ मूळचा पॅरिसचा! मोलिएरने १६६० साली त्याला जन्म दिला. १७६१ मध्ये आर्थर मर्फीने त्यास इंग्रजी पोशाख चढविला. त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी ‘फाल्गुनराव’ हे गद्य नाटक रचले. कृत्तिका, रेवती, भादव्या अशी महिन्या-नक्षत्रांची नावे दिली आणि परकेपण पार पुसून टाकले. पदे घातली ती अखेरच्या दिवसांत. जून १९१६ मध्ये देवल गेले. गंधर्व मंडळीचा पहिला प्रयोग झाला ऑक्टोबरात. आपला फाल्गुनराव सुरांच्या संगतीत रंगलेला त्यांनी पाहिलाच नाही.

त्या रात्री पत्नीने दार उशिरा उघडले. “का?” हा प्रश्न ओठांवर आला, मग फाल्गुनराव आठवला आणि मी मुकाट्याने जोडे काढले.